मांजरीचे दप्तर मांजरीतच हवे



मांजरीत इतिहास संग्रहालय आणि दप्तरखाना उभारण्याच्या सूचनेवर ‘पुण्यात केळकर संग्रहालय आणि पेशवे दफ्तर असताना हा खर्च कशाला?’ अशी हरकत एका वाचकाने घेतली आहे. ती पटण्यासारखी नाही. पेशवे दफ्तरात गाव दिसते ते सरकारच्या नजरेतून: सारा, इनाम, तंटे. मांजरी गोटा वांग्याचे बी कोणत्या घरांनी जपले, याचा पत्ता तिथे लागणार नाही. द्राक्ष संशोधन केंद्र आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मांजरीतच आहेत; पण त्यांच्या अहवालांत पिकाची हकिगत असते, गावाची नव्हे.

शिवाय घाई आहे. जून २०२१मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेले, ग्रामपंचायत संपली. तिची इतिवृत्ते, घरपट्टीच्या नमुना ८च्या वह्या हाच गावाचा खरा आरसा. एका वहीतले दगड-मातीचे कौलारू घर पुढच्या वहीत आरसीसी होते. शेतीचे गाव उपनगर कसे झाले, ते तिथे ओळीओळीने कळते. अशा वह्या एकदा रद्दीत गेल्या की गेल्याच.

आधी पाणी आणि ड्रेनेज, हे म्हणणे रास्तच आहे. म्हणून नवी इमारत नको. जुन्या सार्वजनिक वास्तूतली एक कोरडी खोली, स्कॅनर आणि प्रशिक्षित माणूस एवढ्यावर सुरुवात होईल. संग्रह पाटील-देशमुखांपुरता उरेल, ही भीती मात्र गंभीर आहे. त्यावर उपाय एकच: कागद ज्यांच्याकडे नाहीत त्या शेतमजूर, बलुतेदार आणि स्त्रियांच्या तोंडी मुलाखतींना पहिल्या वर्षापासूनच निधी राखून ठेवावा.

– एक वाचक, मांजरी बुद्रुक