ब्रेक नसलेलं विमान

गाडी शिकताना पहिला धडा कुठला? ब्रेक! आता अशी गाडी डोळ्यांसमोर आणा, जिला ब्रेकच नाही. इंजिन सुरू झालं की ती निघालीच. फ्लोटप्लेनचं अगदी असंच असतं, बॉस. चाकांच्या जागी होडीसारखे दोन फ्लोट, पाण्यावरून उडायचं आणि पाण्यावरच उतरायचं.

माझ्या मावसभावाने हा उद्योग केला फ्लोरिडातल्या विंटर हेवनला. तिथल्या जॅक ब्राउन्स सीप्लेन बेसवर १९६३पासून हेच शिकवतात. विमान पायपर जे-३ कब, पुढेमागे दोनच सीट. पायलटचं लायसन्स आधीच खिशात असेल तर लेखी परीक्षेची भानगड नाही. साधारण दोन दिवसांत काम फत्ते. म्हणजे आपला एक लाँग वीकेंड!

‘मग सोप्पंच की!’ मी फोनवर म्हटलं.

‘अगं, हवेत सगळं तेच. खरी मजा पाण्यावर आहे,’ तो म्हणाला.

सकाळी आधी फ्लोटमध्ये झिरपलेलं पाणी पंपाने उपसायचं. वारा सुटला की विमान आपोआप त्याच्याकडे तोंड करतं, तुमची मर्जी काहीही असो. टेकऑफला स्टिक पूर्ण मागे ओढायची, नाक वर येतं. मग ती हळूच सोडली की फ्लोट पाण्यावर सरकू लागतात आणि वेग मिळतो.

पण त्याची तंतरली ती शांत पाण्यात. वारा पडलेला, तळं आरशासारखं. आपल्याला वाटेल, वा, क्या बात है! पायलटसाठी मात्र हे सगळ्यात धोक्याचं पाणी. लाटच नसली की पृष्ठभाग दिसत नाही, उंची कळत नाही. पाणी अजून लांब आहे असं समजून माणूस थेट त्यात घुसू शकतो. म्हणून किनाऱ्याच्या जवळून यायचं, नाक किंचित वर, थोडी पॉवर चालू, मिनिटाला साधारण १५० फूट या बेताने खाली. आणि मग? थांबायचं. पाणी लागेपर्यंत काही बदलायचं नाही.

‘हात शिवशिवतात गं. डोळे म्हणतात, काहीतरी कर. पण भरवसा काट्यांवर ठेवायचा,’ तो म्हणाला. मावशीला त्याने फक्त सर्टिफिकेटचा फोटो पाठवलाय.

आपल्याकडे ९ डिसेंबर २०१७ला गिरगाव चौपाटीवर सीप्लेनची चाचणी झाली होती. ३१ ऑक्टोबर २०२०ला साबरमती ते केवडिया सेवा सुरू झाली, २०२१मध्ये थांबली. पुन्हा कधी अशा विमानात बसायची संधी मिळाली, तर मी खिडकीतून आधी पाणी बघेन. थोड्या लाटा दिसल्या की निवांत!