हेल्पर कोणाला म्हणता?

खापरखेड्याचं वीजकेंद्र १३४० मेगावॅटचं. कोळसा आत जातो, वीज बाहेर पडते, राख मागे उरते. ही राख कोणाच्या अंगावर बसते, हे दोस्तहो, सांगायला पाहिजे काय?

ठेकेदाराच्या हाताखाली माणूस पंधरा-पंधरा वर्षं राबतो. व्हॉल्व्ह उघडतो, बेअरिंग बदलतो, मोटार सोडवतो. हजेरीपटावर मात्र हेल्पर! बाईला तर तेही नाव नाही. पोरगं विचारते, "बाबा, तुमी काय काम करता?" बाप म्हणतो, "पावरहाऊसात आहो." कामाचं नावच नाही त्याच्यापाशी.

हे नाव आजच हिरावलेलं नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. तुटलेला धागा तोंड लावून ओढावा लागे, त्यानं सवर्ण विणकर बाटत म्हणे! जास्त पगारही नेमका त्याच खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे तेच सांगितलं: आपला माणूस गँगमन म्हणून लागतो, गँगमन म्हणूनच संपतो.

आता सरकार म्हणतं, कौशल्य घ्या. घेऊ की! पण कोणतं? २०२३ साली पीएम विश्वकर्मा योजना आली. धंदे १८, सगळे पारंपरिक. सुतार-लोहारासोबत चांभार, न्हावी, धोबी, टोपली-झाडूवाला. ट्रेनिंगचे रोज ५०० रुपये, अवजारांना १५ हजार. पोटाला लागतात म्हणून कोणी घेतले तर त्याला आम्ही नावं ठेवणार नाही. पण बापाच्याच धंद्यात पोराला पक्कं करणं, ह्याला शिक्षण म्हणायचं की मनूचा सरकारी शिक्का?

आमचं मागणं सरळ आहे. आधी येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहेच. ती गेटपर्यंत आणा. पाळी सुटल्यावर वर्ग भरवा. रोजी कापू नका, मराठीत शिकवा. कागद हातात आला की हजेरीपटावरचा शब्द बदला आणि किमान वेतनातला कुशल कामगाराचा दर लावा. नुसतं प्रमाणपत्र भिंतीला टांगून काय करायचं?

आणि वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनो, चौकात भाषण ठोकणं बस झालं. संध्याकाळी दोन तास विहारात बसा. बापाला सर्किटचा नकाशा वाचायला शिकवा, तो तुम्हाला मोटार उघडून दाखवील. फॉर्म भरून द्यायला कोण कोण बसतं, त्यांनी ह्याच आठवड्यात नावं द्यावी.