दुखत नाही, म्हणून बरे आहे?

मधुमेह असलेल्या घरांत एक वाक्य वारंवार ऐकू येते. ‘पायाला जखम झालीय खरी, पण दुखत नाही. मग डॉक्टरकडे कशाला जायचे?’ घरचेही निर्धास्त होतात. थोडी हळद लावली जाते, वर पट्टी बांधली जाते आणि आठवडा निघून जातो. या वेळी आम्हाला या वाक्याविषयीच लिहायचे आहे. जखम असूनही दुखत नसेल तर ती अधिक काळजीची बाब असते, आणि त्याचे कारण मज्जातंतूंच्या कामात आहे.

अंधारात पलंगाच्या पायाला ठेच लागते तेव्हा काय होते ते आठवा. आधी नुसते ‘लागले’ एवढे कळते. क्षणभराने खरी कळ येते. स्पर्शाची बातमी नेणारे तंतू जाड असतात. त्यांच्यावर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टन असते, त्यामुळे त्यांतून संदेश सेकंदाला कित्येक दहा मीटर वेगाने धावतो. ठणक्याची बातमी नेणारे तंतू बारीक आणि उघडे असतात. त्यांतला संदेश सेकंदाला साधारण एक मीटर इतक्या गतीने, म्हणजे आपण चालतो तसा, येतो.

हा वेग मोजता येईल, असे पूर्वी कोणाला वाटत नव्हते. १८५० साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या पायाच्या मज्जातंतूवर तो मोजला. सेकंदाला तीस मीटरच्या आसपास! तारेतल्या विजेच्या मानाने हे फारच हळू. म्हणजे मज्जातंतू ही साधी तार नव्हे.

मग आत घडते काय? सारा खेळ क्षारांचा आहे. पेशीच्या बाहेर सोडियम जास्त असते, आत पोटॅशियम जास्त असते. पेशीच्या पातळ आवरणात बसलेले पंप सतत तीन सोडियम कण बाहेर काढतात आणि दोन पोटॅशियम कण आत घेतात. पोटॅशियमचे काही कण आवरणातून हळूहळू बाहेर झिरपतात. त्यामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण राहते. हा फरक सुमारे ७० मिलिव्होल्टचा, म्हणजे टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतो त्या सेलच्या विसाव्या भागाइतका असतो.

पायात काटा रुतला की तिथल्या तंतूच्या आवरणातली सोडियमची दारे उघडतात. बाहेरचे सोडियम आत घुसते आणि तेवढ्या जागी आतली बाजू क्षणभर धन होते. त्या धक्क्याने शेजारची दारे उघडतात, मग त्यांच्या पुढची. लगेच पोटॅशियम बाहेर पडते आणि ती जागा पूर्ववत होते. एका जागी हे सारे सेकंदाच्या हजाराव्या भागात आटोपते. स्लॅब टाकताना माणसे ओळीने उभी राहून घमेली हातोहात पुढे देतात. माणूस जागचा हलत नाही, घमेले मात्र वर पोहोचते. तंतूतला संदेशही तसाच पुढे जातो.

हा हिशेब इंग्लंडच्या हॉजकिन आणि हक्सली यांनी मांडला. माकुलवर्गीय समुद्री प्राण्याचा एक तंतू जवळजवळ एक मिलिमीटर जाड असतो. त्यात बारीक विद्युताग्र घालून त्यांनी मोजमापे घेतली. त्यांचे निबंध १९५२ साली प्रसिद्ध झाले आणि १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तंतूच्या टोकाला पोहोचल्यावर संदेशापुढे एक फट येते. दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. वीज ही फट सहसा ओलांडत नाही. तिथे पहिली पेशी एक रसायन सोडते आणि पुढची पेशी ते ओळखते. ऑटो लोवी यांनी १९२१ साली हे दाखवले. त्यांनी बेडकाचे हृदय द्रावात ठेवून त्याची गती मंद करणारा मज्जातंतू चेतवला. मग तोच द्राव दुसऱ्या बेडकाच्या हृदयाला दिला. त्या हृदयाचा मज्जातंतू कोणी चेतवला नव्हता, तरी तेही मंदावले. निरोप द्रावातून गेला होता. पायाची बातमीसुद्धा पाठीच्या कण्यात आणि पुढे मेंदूत अशाच फटी ओलांडत जाते. ती मेंदूपर्यंत पोहोचली तरच आपल्याला ‘दुखले’ हे कळते.

बातमी वाटेतच अडवली तर काय होते, याचा अनुभव पुष्कळांनी घेतलेला असतो. दात काढताना डॉक्टर हिरडीत जे इंजेक्शन देतात, ते सोडियमची हीच दारे बंद करते. दात उपटला जातो, पण मेंदूला पत्ता नसतो. म्हणूनच लहान मुलांच्या आईला डॉक्टर बजावतात, ‘बधिरपणा उतरेपर्यंत लक्ष ठेवा, मूल स्वतःचाच ओठ चावेल.’ ओठ रक्तबंबाळ झाला तरी मुलाला कळत नाही.

मधुमेहात पायाचे असेच होते. फरक एवढाच की हा बधिरपणा दोन तासांत उतरत नाही.

त्याची सुरुवात पायापासूनच का होते? पायाच्या अंगठ्याची बातमी आणणारी पेशी कमरेजवळ, कण्याच्या बाजूला असते. तिचा तंतू तिथून थेट अंगठ्यापर्यंत जातो. तो जवळपास एक मीटर लांब आणि केसाहून कितीतरी बारीक असतो. त्याला लागणारी बरीचशी सामग्री कमरेजवळच्या पेशीतच तयार होऊन पुढे पाठवली जाते. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की तंतूलाही इजा होते आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांनाही. सर्वांत लांबचे टोक आधी उपाशी पडते. म्हणून दोन्ही पायांची बोटे आधी बधिर होतात. मग मोजा वर चढवावा तसा बधिरपणा वर सरकतो.

यात एक फसवा टप्पा आहे. जखमी तंतू आधी खोट्या बातम्या पाठवतात. मुंग्या येतात, रात्री तळपायांची आग होते, चादरीचा स्पर्शही नकोसा वाटतो. पुढे आग कमी होते. आजी म्हणते, ‘आता बरे वाटते, औषध लागू पडले.’ काही वेळा ते खरेही असते. काही वेळा मात्र तंतूच निकामी झालेले असतात. कापसावर चालल्यासारखे वाटणे, पायातली चप्पल निसटली तरी न कळणे, या खुणा दिसल्या तर तपासणी करून घ्यावी. डॉक्टर नायलॉनचा जाड धागा तळपायाला टेकवून आणि नादकाट्याची थरथर जाणवते का ते पाहून पाच मिनिटांत अंदाज घेतात. मधुमेह असलेल्याने ही तपासणी वर्षातून एकदा करावीच. मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षे चालू असेल तर ब-१२ जीवनसत्त्वाविषयीही विचारावे. त्याच्या कमतरतेनेही असाच त्रास होतो.

गेलेली संवेदना सहसा परत येत नाही, पण पुढचे नुकसान रोखता येते. अमेरिका आणि कॅनडात १४४१ टाइप-१ मधुमेहींचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष १९९३ साली आले. साखर काटेकोर ताब्यात ठेवणाऱ्यांत मज्जातंतूंचे नुकसान सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळले.

पायाची बातमी येत नसेल तर ते काम डोळ्यांवर सोपवावे लागते. आपल्या घरांत त्याची सोय आधीच आहे. वजू करताना पाय घोट्यापर्यंत धुतले जातात, बोटांच्या बेचक्यांतून बोट फिरते. त्याच वेळी दिवसातून एकदा तरी नीट पाहावे. कुठे भेग, फोड, लाली आहे का? वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा नातवाला बघायला सांगावे. नंतर बेचक्या कोरड्या पुसाव्यात, ओल राहिली की बुरशी होते. थंडीत वजूचे गरम पाणी आधी कोपराने पाहावे. शेकण्याची पिशवी पायाला लावू नये. कुरूप घरी ब्लेडने कापू नये. चप्पल-बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा पाहावा. मे महिन्यात मस्जिदच्या तापलेल्या अंगणात आणि उमऱ्याच्या प्रवासात उन्हातल्या फरशीवर अनवाणी चालू नये. तळवा भाजला तरी कळणार नाही. आणि जखम दिसली की त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आज रात्री घरातल्या मधुमेही वडीलधाऱ्यांचे पाय पाहा. ‘काही दुखत नाही रे’ असे ते म्हणतील. तरी दिवा जवळ घ्या, मोजे उतरवा आणि तळव्यासकट दोन्ही पाय पाहा.