बैलाचे दात आणि मोटारीचे वय

मुलांनो, मुरबाड तालुक्यातल्या म्हसा येथील पौष पौर्णिमेच्या जत्रेला तुमच्यापैकी पुष्कळजण गेले असतील. पाळणे, मिठाई आणि घोंगड्यांची दुकाने मागे टाकून पुढे गेले की गुरांचा बाजार लागतो. तिथे घटकाभर नुसते उभे राहून पाहा. बैल विकत घेणारा शेतकरी मालकाचे बोलणे ऐकून घेतो, मान डोलावतो आणि सरळ बैलाचे तोंड उघडून दात मोजतो. दुधाचे दात असलेला तो आदत, दोन पक्के दात आलेला दुसा, चार आले की चौसा आणि आठही दात आले की जुळलेला. पण जाणता शेतकरी दातांवर थांबत नाही. तो बैलाला चालवून पाहतो, खांद्यावरचा घट्टा चाचपतो, खूर उचलून बघतो. जुळलेला असूनही धडधाकट असलेला बैल तो आनंदाने घेतो आणि चौसा असूनही पाय ओढणारा नाकारतो.

हाच शेतकरी किंवा त्याचा मुलगा जुनी मोटार घ्यायला जातो तेव्हा त्याचे हे सगळे शहाणपण कुठे जाते, असा प्रश्न मला नेहमी पडतो. मोटारीचा रंग बघितला, आत बसून अॅक्सिलरेटर दाबला, आवाज ऐकून मान डोलावली की झाला सौदा! त्यातून ती मोटार कधीकाळी वेगासाठी नावाजलेली असली तर मग बोलायलाच नको. आपल्या शहापूर-मुरबाडकडे जुनी जिप्सी, एस्टीम, कॉन्टेसा किंवा एखादी सजवलेली फियाट हौसेने बाळगणारे लोक आहेत. तुमचा एखादा काका किंवा मामेभाऊही त्यांत असेल. मला ही हौस वाईट वाटत नाही. मी स्वतः आठ वर्षे तिच्यात बुडालो होतो. पण ही हौस करताना काय पाहावे आणि ती मोटार दुसऱ्याला विकताना काय सांगावे याबद्दल माझे मत पक्के आहे, आणि ते मला थोडी लाज पत्करून बनवावे लागले.

माझी गाडी 1982 सालची प्रीमियर पद्मिनी होती. कुर्ल्याच्या कारखान्यात ही मोटार आधी फियाट 1100 म्हणून तयार होई. 1974 पासून तिला पद्मिनी म्हणू लागले, आणि या शतकाच्या सुरुवातीला तिचे उत्पादन थांबले. एंजिन 1089 घनसेंटिमीटरचे, शक्ती सुमारे 40 अश्वशक्ती. आजच्या हिशेबाने हे काहीच नाही. पण एके काळी मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर याच फियाट गाड्या सुधारून शर्यतीत पळवीत असत. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकालाही तो नाद होता. त्याने एकाऐवजी दोन कार्बोरेटर बसवले होते आणि सिलिंडरचे हेड घासून पातळ केले होते. हेड पातळ केले की दट्ट्या वर आल्यावर उरणारी जागा कमी होते, मिश्रण अधिक दाबले जाते आणि तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम मिळते. मात्र दाब फार वाढला की ठिणगी पडण्याआधीच किंवा ठिणगीनंतर भलत्याच कोपऱ्यात मिश्रण पेटते आणि एंजिन खडखड ठोके देऊ लागते.

मी 1998 मध्ये ती घेतली. आसनगाव ते खर्डी ती अशी काही पळे की विचारू नका!

आता एक गणित करा. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ताशी 85 वर नेली तर तिची गतिज ऊर्जा कितीने वाढते? वेग दीडपटीहूनही कमी वाढला. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती दुप्पट झाली. थांबताना ही सगळी ऊर्जा ब्रेकलाच गिळावी लागते. आधीच्या मालकाने एंजिन सुधारले होते, ब्रेक मात्र जसेच्या तसे ठेवले होते: चारही चाकांना ड्रम, तेही सोळा वर्षांचे. त्या काळच्या कित्येक मोटारींत चारही चाकांच्या ब्रेकसाठी द्रवाचे एकच मंडल असे. एका ठिकाणी गळती झाली की चारही चाके गेली.

घाटात काय होते ते बघू. इगतपुरीहून कसाऱ्यापर्यंत आगगाडी सुमारे 15 किलोमीटरांत जवळजवळ 300 मीटर खाली उतरते, आणि रस्त्याच्या उतरणीचे गणितही फारसे वेगळे नाही. माणसांसह 1200 किलोग्रॅम वजनाची मोटार 300 मीटर खाली आली म्हणजे तिची स्थितिज ऊर्जा सुमारे 35 लाख जूलने कमी झाली. ही ऊर्जा नाहीशी होत नाही, हे तुम्ही शाळेत शिकला आहातच. पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून घाट उतरणाऱ्या महाभागाच्या मोटारीत, हवेचा आणि टायरचा विरोध सोडला तर, ती जवळजवळ सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन येते. तेवढ्या उष्णतेने बारा लिटर थंड पाणी उकळीला येईल! ड्रम तापून प्रसरण पावतो आणि आतल्या लायनरपासून दूर सरकतो. लायनरचे घर्षणही तापल्यावर घटते. पेडल दाबले तरी गाडी थांबायला तयार होत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, असे जुने ट्रकवाले सांगत; मग उष्णतेचा मोठा वाटा एंजिन उचलते.

याहून कपटी गोष्ट ब्रेकच्या द्रवाची. आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो खरे. पण ते खनिज तेल नव्हेच. (चुकून त्यात एंजिनचे तेल ओतले तर आतले रबरी वॉशर फुगून निकामी होतात. असे करणारे मिस्त्री मी पाहिले आहेत.) हा द्रव ग्लायकॉलच्या कुळातला, आणि त्याला पाण्याची भारी ओढ. हवेतली वाफ तो रबरी नळ्यांतूनसुद्धा हळूहळू शोषून घेतो. बाजारात मिळणारा तिसऱ्या दर्जांकाचा, म्हणजे डॉट 3 द्रव ताजा असताना निदान 205 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की हा आकडा 140 पर्यंत खाली येऊ शकतो. आपल्याकडे चार महिने कोसळणारा पाऊस ध्यानात घ्या. घाटात द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल थेट तळाला जाते आणि चाकाला काहीच कळत नाही. यावर उपाय काय? दर दोन वर्षांनी सगळा द्रव काढून नवा भरणे. खर्च जेमतेम एका सहलीच्या पेट्रोलइतका. पण हौशी लोक चकचकीत चाके घेतील, भोंगा बदलतील, हे करणार नाहीत.

2006 साली मी ती गाडी विकायला काढली. टोकावड्याचे एक गृहस्थ किन्हवली-सरळगाव मार्गे एसटीने आले. त्यांनी रंग बघितला, एंजिन ऐकले, बावीस हजार मोजले आणि गाडी घेऊन गेले. मास्टर सिलिंडरमधून द्रवाचा थेंब थेंब पाझरत होता, महिन्याला दोन बोटे पातळी उतरत होती, हे मला ठाऊक होते. मी रोज सकाळी पाहून भर घालीत असे. त्यांनी विचारले नाही, मी सांगितले नाही. मनाशी म्हटले, जुनी गाडी घेणाऱ्याला एवढे समजायला हवे.

तिसऱ्या दिवशी वर्गात मी द्रवाच्या दाबाचा पास्कलचा नियम शिकवीत होतो. ब्रेकचे उदाहरण देता देता मला आठवले की त्या गृहस्थांची सासुरवाडी ओतूरला होती, म्हणजे वाटेत माळशेज घाट. तास कसाबसा संपवला आणि संध्याकाळच्या गाडीने टोकावड्याला गेलो. गाडी अंगणातच उभी होती. रविवारी निघणार होते. मी सगळे सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी चहा ठेवायला सांगितला आणि म्हणाले, "गुरुजी, हे त्याच दिवशी सांगितलं असतं तर मी हजारभर कमी दिले असते, एवढंच ना?" दुसऱ्या दिवशी कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारातून मी नवे मास्टर सिलिंडर आणले. ते हजाराहून स्वस्त पडले.

तर माझे मत असे की नुसते वय हा मोटारीचा दोष नव्हे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून मिळते. ही पद्धत मला मूळात योग्य वाटते, कारण तीत मोटारीला चालवून बघण्याची सोय आहे. दात मोजा, पण खूरही बघा. काही ठिकाणी ठरावीक वय झाले की मोटार सरसकट मोडीत काढण्याचा आग्रह धरला जातो. तो मला पटत नाही. नीट राखलेली वीस वर्षांची मोटार निष्काळजी माणसाच्या आठ वर्षांच्या मोटारीपेक्षा भरवशाची असू शकते.

पण हौशी मंडळी पुढे जे म्हणतात, की आमची जुनी गाडी नव्यापेक्षा कशातच कमी नाही, ते साफ खोटे आहे. धुराचेच पाहा. भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल मोटारीच्या धुरात एंजिन नुसते चालू असताना 3 टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड असला तरी तिला प्रदूषणाचा दाखला मिळतो. स्टेज चारच्या मोटारीला 0.3 टक्क्यांची मर्यादा आहे. दाखला दोघींकडे, विष मात्र दसपट. अपघातात चुरगळून धक्का शोषणारा पुढचा भाग, हवेच्या पिशव्या यांतले काहीही जुन्या गाडीत नसते. म्हणून अशी गाडी रोज कामावर न्यायला, लहान भावंडांना शाळेत सोडायला वापरू नये. रविवारी सकाळी किन्हवलीपर्यंत न्यावी, आणावी, पुसून ठेवावी.

पेट्रोलही बदलले आहे. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. आपल्या फुप्फुसांच्या आणि मेंदूच्या दृष्टीने ते फार चांगले झाले. पण जुन्या एंजिनांत झडपांच्या बैठकीला शिशाचे जे संरक्षण मिळे ते गेले. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते. त्याचा ऑक्टेन अंक चढा, म्हणजे ठोके कमी. पण एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच. नव्या मोटारी धुरातला ऑक्सिजन मोजून इंधनाचे माप आपोआप बदलतात. कार्बोरेटरला ते जमत नाही, आणि मिश्रण पातळ होते. इथेनॉल जुने रबर फुगवते, मऊ करते. तुमच्या काकांच्या गाडीची पेट्रोलची नळी हाताला चिकट लागली तर त्यांना त्याच दिवशी सांगा.

तुम्हाला अजून गाडी चालवता येत नाही, परवानाही मिळणार नाही. पण तपासायला परवाना लागत नाही. घरचे जुनी मोटार बघायला निघाले की एक लहान चुंबक आणि एक चिंधी घेऊन तुम्हीही जा. चुंबक चिंधीत गुंडाळा आणि दारांच्या खालच्या कडा, चाकांवरचे पत्रे, डिकीचा तळ यांवरून फिरवा. जिथे तो एकदम सुटतो तिथे पत्रा गंजून गेला असून वर पुट्टी भरून रंग मारलेला आहे. भातशेतीचा चिखल पोकळ पत्र्यांच्या आत साठतो आणि बाहेरून न दिसता गंज आतून बाहेर येतो. टायरच्या बाजूवर चार आकडे शोधा: 2314 असेल तर तो टायर 2014 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. त्यावरचे खोबण नव्यासारखे दिसले तरी इतकी वर्षे ऊन आणि ओझोन खाल्लेले रबर ताठर झालेले असते. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर असून क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर दोघांपैकी कोण खोटे बोलतो? मी पेडलवर विश्वास ठेवीन.

विकणाऱ्याकडून मात्र मी एकच गोष्ट मागेन: वही. कुठला भाग कधी बदलला, द्रव कधी भरला, काय अजून बिघडलेले आहे, हे तारखेनिशी लिहिलेली साधी दोनशे पानी वही. वही असलेल्या गाडीला मी चार पैसे जास्त देईन आणि वही नसलेली फुकट मिळाली तरी घाटात नेणार नाही. शिवाय 29 आणि 30 क्रमांकाचे नमुने भरून नाव बदलून घ्यायला टाळाटाळ नको. विकल्यापासून 14 दिवसांत कळवण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, अपघाताची भरपाईही त्याच्याच माथी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे.

टोकावड्याहून परतताना मी त्या गृहस्थांना एक वही दिली. पहिल्या पानावर माझ्या हाताने मास्टर सिलिंडरची हकीकत लिहिली, खाली सही केली. त्यांनी ती गाडी पाच वर्षांनी किन्हवलीच्या एका तरुणाला विकली, वहीसकट. मागच्या मे महिन्यात तो मला शहापूरच्या बाजारात भेटला आणि त्याने वही दाखवली. दोन कार्बोरेटर काढून त्याने पुन्हा एकच बसवला आहे, पेट्रोलच्या नळ्या बदलल्या आहेत. तेलाच्या डागांनी पहिल्या पानावरची माझी सही आता वाचता येत नाही. पण पुढची चाळीस पाने भरली आहेत.