रणजीचा धडा आणि आपला जिल्हा

मार्च 2024 मध्ये नागपूरला रणजीच्या उपांत्य सामन्यात विदर्भाने मध्य प्रदेशाला 62 धावांनी हरवले. टाळ्या कोणासाठी वाजवायच्या? 1956 पर्यंत आम्ही आणि नागपूर एकाच राज्यात होतो!

2017-18 पूर्वी विदर्भाने रणजीची अंतिम फेरीही पाहिली नव्हती. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक झाले आणि विदर्भ लागोपाठ दोनदा विजेता ठरला. त्यांच्याच हाताखाली 2022 मध्ये मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून करंडक जिंकला. म्हणजे दुबळा मुलूख नसतो, दुबळी असते ती तयारी.

2023 मध्ये पांढुर्णा-सौंसरचा स्वतंत्र जिल्हा झाला. आता चांगले मैदान, कायमचा प्रशिक्षक आणि निवड चाचणी जिल्ह्यातच हवी. मते मागायला येणाऱ्यांना समाजबांधवांनी हे जरूर विचारावे.