जुने घटक, नवा शोध: पेटंट महानियंत्रकांस खुले पत्र

प्रति,
महानियंत्रक, पेटंट, डिझाइन आणि ट्रेडमार्क, मुंबई



पेटंट अधिनियम, 1970 च्या कलम 3(ई)नुसार, घटकांच्या गुणांची निव्वळ बेरीज असलेले मिश्रण शोध ठरत नाही. ते योग्यच आहे, कारण दोन ओळखीची चूर्णे एका डबीत भरल्याने कोणी संशोधक होत नाही. पेच पडतो तो बेरजेपलीकडे काही घडल्याचा दावा असतो तेव्हा. त्या वेळी ‘कल्पक पायरी’, म्हणजे विषयातील जाणकाराला सहज सुचली नसती अशी प्रगती, शोधावी लागते. मात्र प्रत्येक घटक कुठल्या ना कुठल्या जुन्या कागदात सापडला की तपासणी संपली, असे मानण्याचा मोह परीक्षकाला होऊ शकतो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये निकाली काढलेला ॲडम्स यांच्या बॅटरीचा खटला या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे. त्या बॅटरीत एक ध्रुव मॅग्नेशियमचा आणि दुसरा क्युप्रस क्लोराइडचा होता, ती कोरडी ठेवता येई आणि साधे पाणी ओतताच सुरू होई. जस्ताऐवजी मॅग्नेशियम किंवा सिल्व्हर क्लोराइडऐवजी क्युप्रस क्लोराइड वापरण्याच्या सूचना जुन्या लेखनात सुट्या सुट्या होत्याच. परंतु वापरात नसतानाही चालू राहणारी आणि वापरताना तापणारी बॅटरी व्यवहारात निरुपयोगी, आणि पाण्यावर चालणाऱ्या बॅटरीला मॅग्नेशियमला मारक द्रावणच लागते, अशी जाणकारांची समजूत असल्याने त्या जोडणीकडे वळण्याचे त्यांना कारणच नव्हते. लष्कराच्या तज्ज्ञांनी आरंभी ती चालेल यावर विश्वास ठेवला नाही. पुढे सरकारने तीच वापरली आणि न्यायालयात मात्र ती ‘उघड’ असल्याचे सांगितले! न्यायालयाने पेटंट वैध ठरवले. याउलट 1851 च्या हॉचकिस खटल्यात दाराची मूठ लाकूड वा धातूऐवजी चिनी मातीची केली, एवढ्यावर पेटंट टिकले नाही.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही 1978 मध्ये, भांडी लेथवर धरण्याच्या साधनाचे पेटंट रद्दबातल ठरवताना, जुन्या घटकांच्या जोडणीतून नवा किंवा सुधारलेला परिणाम निघाला पाहिजे, निव्वळ कारागिरीतली सुधारणा पुरेशी नाही, असे स्पष्ट केले आहे.

म्हणून नकाराच्या आदेशात जुन्या दस्तऐवजांची यादी देऊन थांबू नये. जाणकाराने ते एकत्र का आणले असते आणि त्यातून कोणता परिणाम अपेक्षिला असता, हे अर्जाच्या तारखेपूर्वीच्या ज्ञानावरून लिहावे, अन्यथा ते उत्तर पाहून गणित सोडवण्यासारखे होते. अर्जदारांकडूनही ‘सहक्रिया’ या शब्दावर समाधान न मानता, प्रत्येक घटक एकटा आणि मिश्रण, असे तुलनेसाठी मोजलेले आकडे एकाच तक्त्यात मागावेत.