वेगाचा आकडा आणि फेकणारा हात

तबकड्या साखळ्या लावलेल्या टोपलीत फेकण्याच्या डिस्क गोल्फ या खेळाच्या दुकानात शिरलेला नवखा खेळाडू आधी आकडे वाचतो. इनोव्हा कंपनीच्या डिस्ट्रॉयर या ड्रायव्हरचे, म्हणजे लांब फेकीच्या तबकडीचे, आकडे 12, 5, उणे 1 आणि 3: वेग, तरंगण्याची क्षमता, उड्डाणातले पहिले वळण आणि शेवटचे वळण. शेजारच्या लेपर्डचा वेग 6. बारा म्हणजे सहाच्या दुप्पट, तेव्हा डिस्ट्रॉयर बरीच लांब जाणार, असा हिशेब करून तो डिस्ट्रॉयर घेतो. हा हिशेब साफ चुकीचा आहे.

पूर्वपक्षाकडे पुरावा नाही असे नाही. 2016 साली डेव्हिड विगिन्स ज्युनियरने अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात तबकडी 338 मीटर फेकून विक्रम केला, तो ड्रायव्हरनेच. अव्वल व्यावसायिक खेळाडूंच्या पिशव्यांतही रुंद कडेचे ड्रायव्हर भरपूर असतात. पण विगिन्सच्या पाठीशी वाळवंटातला वारा होता आणि त्याचा हात जगातल्या सर्वांत वेगवान हातांपैकी एक. वेगाचा आकडा ही तबकडीने फेकणाऱ्याकडे केलेली मागणी आहे. तो वेग हाताने पुरवला तरच ती ठरल्यासारखी उडते. जास्त वेगाच्या तबकड्या नवशिक्यांसाठी नाहीत, त्यांना नीट उडायला अधिक ताकद लागते, असे खुद्द इनोव्हाच सांगते.

मागणी पुरी झाली नाही तर काय होते? उजव्या हाताने, शरीरासमोरून बॅकहँड पद्धतीने फेकलेली तबकडी वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. पुरेशा वेगात हवेचा दाब तिच्या मध्याच्या किंचित मागे पडतो आणि पुढची कड खाली दाबू पाहतो. पण फिरत्या भोवऱ्याला ढकलले की तो ढकललेल्या दिशेला न पडता आडवा कलतो. तशीच तबकडी उजवीकडे झुकते. वेग ओसरताना दाब मध्याच्या पुढे सरकतो आणि ती डावीकडे वळत खाली येते. या दोन वळणांतून मिळणारी लांबट नागमोडी रेघ हेच ड्रायव्हरचे खरे सौंदर्य. कमी वेगाच्या हातातून सुटलेल्या डिस्ट्रॉयरला पहिले वळण मिळतच नाही. ती निघाल्यापासून डावीकडे ओढली जाते आणि लवकर जमिनीवर येते. त्याच हातातली लेपर्ड सरळ, तरंगत, बहुधा तिच्या पुढे जाऊन पडते.

दुसरा आक्षेप जास्त चिवट आहे. हाताला कसे वाटते ही लहर, आकडे मात्र वस्तुनिष्ठ, असे काही जण मानतात. याचे उत्तर ड्रायव्हरच्या घडणीतच आहे. 1983 मध्ये तबकड्यांचा रचनाकार डेव्ह डुनिपेसने तिरपी, धारदार कड असलेली तबकडी बाजारात आणली. तिथून पुढे अधिक वेग म्हणजे अधिक निमुळती, अधिक रुंद कड हे समीकरण पक्के झाले. डिस्ट्रॉयरची कड सुमारे 2.2 सेंटीमीटर रुंद आहे. नियमांची कमाल मर्यादा 2.6. चारही बोटे या कडेखाली आत वळवून आतल्या भिंतीशी घट्ट टेकवावी लागतात. हात लहान असेल तर बोटे पुरत नाहीत, पकड सैल राहते आणि तबकडी थरथरत सुटते. थरथर म्हणजे वाया गेलेला वेग! शिवाय त्याच साच्यातल्या दोन तबकड्याही जुळ्या नसतात. प्लास्टिक बदलले, घुमट थोडा फुगला, कडेवरची जोडरेषा जरा वर सरकली की उड्डाण बदलते, आकडे मात्र तेच राहतात. हा फरक अनुभवी बोट आकड्यांच्या आधी ओळखते.

मग ड्रायव्हर नकोच का? मुळीच तसे नाही. समोरून वारा असला की तबकडीला लागणारा हवेचा वेग वाढतो आणि हलकी, हळवी तबकडी उजवीकडे उलटते. तिथे जड, ठाम ड्रायव्हरला पर्याय नाही. हात तयार झाल्यावर नवख्यानेही डिस्ट्रॉयर जरूर घ्यावी. पण सर्वात वेगवान तबकडी म्हणजे सर्वोत्तम तबकडी, हे खेळाच्या इतिहासालाही मान्य नाही. 2021 च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत, युटातल्या ऑग्डेन इथे, जेम्स कॉनराडला शेवटच्या होलवर पॉल मॅकबेथची बरोबरी साधायची होती. अंतर 247 फूट, म्हणजे सुमारे 75 मीटर. त्याने ड्रायव्हर नव्हे, पटर, म्हणजे जवळच्या फेकीची संथ तबकडी, उचलला. तबकडी टोपलीच्या साखळ्यांत शिरली, सामना प्लेऑफमध्ये गेला आणि विजेतेपद कॉनराडने मिळवले.

म्हणून पहिला ड्रायव्हर निवडणाऱ्यांना आग्रहाने सांगणे आहे: वेग 6 किंवा 7 पासून सुरुवात करा, वजन थोडे कमी घ्या आणि पैसे देण्याआधी तबकडी पूर्ण पकडीत धरून पाहा. बोटांची टोके आतल्या भिंतीला नीट टेकत नसतील, तर ती तबकडी दुकानातच ठेवा.